आजची फेरी आणि हंगामाची अखेर

आज हाती येणारा लाभ पदरात पाडून घ्यावा, की उद्याच्या मोठ्या लाभासाठी तो सोडून द्यावा, हा प्रश्न शेतकऱ्याला बियाण्याच्या कणगीपाशी पडतो, व्यापाऱ्याला भांडवलापाशी पडतो, आणि वकिलाला, प्रतिपक्षाकडून तडजोडीचा निरोप आला म्हणजे पडतो. या प्रश्नाचे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत; ज्याने त्याने आपल्या प्रकृतीप्रमाणे व अनुभवाप्रमाणे तो सोडवायचा असतो. परंतु गेल्या सुमारे पासष्ट वर्षांत मनुष्याने असा एक खेळ घडवला आहे की, ज्याच्या मध्यभागी हाच प्रश्न उभा आहे आणि ज्याचे नियम मात्र कलमवार लिहिलेले आहेत. त्याच्या फुटबॉलमधील रूपाला फँटसी फुटबॉल म्हणतात. आम्ही या सबंध प्रकाराला कल्पनासंघांचा खेळ म्हणू.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. खऱ्या मैदानावर खेळणाऱ्या खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येक भिडूने आपला एक कल्पित संघ निवडायचा. त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यांत गोल केले, गोल अडवले, चेंडू पुरवला, की त्याचे ठराविक गुण या कल्पित संघाच्या खात्यावर जमा होतात. ज्याच्या खात्यावर अखेरीस सर्वांत अधिक गुण, तो विजयी. संघ बाळगणाऱ्या भिडूला आम्ही पुढे ‘मालक’ म्हणू, म्हणजे मैदानावरील खेळाडू आणि घरी बसलेला भिडू यांत घोटाळा होणार नाही. गोव्यातील वाचकांना फुटबॉल समजावून सांगण्याची गरज नाही. इंदूर-बडोद्याकडील वाचकांचा जीव क्रिकेटमध्ये अधिक रमतो हे आम्हांस ठाऊक आहे. पण आमच्या विवेचनास चेंडू पायाने मारला काय की बॅटीने, फारसा फरक पडत नाही. आमचे लक्ष खेळातील काळाकडे आहे. मालकाने किती दूरवर पाहावे हे या खेळात कोणी ठरवले, कसे ठरवले आणि ते अंतर वर्षानुवर्षे कमी होत गेले तेव्हा खेळाचे काय झाले, एवढेच आम्हांला पाहायचे आहे.

(१)

या खेळाचा उगम बेसबॉलमध्ये, अमेरिकेत आहे. १९६० साली विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने हार्वर्ड विद्यापीठातील परिचितांसह एक ‘सेमिनार’ सुरू केला. नाव विद्वत्तेचे, पण काम असे की, हंगामाच्या आरंभी बेसबॉलचे खेळाडू निवडायचे आणि अखेरीस त्यांचे आकडे ताडून पाहायचे. दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, ओकलंड येथील बिल विंकेनबाख याने अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलसाठी असाच खेळ योजला. गॅमसन पुढे मिशिगन विद्यापीठात गेला व त्याच्याबरोबर हा नादही तेथे गेला. तेथे शिकलेल्या डॅनियल ओक्रेंट या विद्यार्थ्याच्या कानावर त्याची वार्ता पडली. हाच ओक्रेंट पुढे लेखक व संपादक म्हणून प्रसिद्धीस आला. १९८० साली त्याने आपल्या मित्रमंडळींत या खेळाला पक्के रूप दिले. ही मंडळी न्यूयॉर्कमधील ‘ला रोटिसरी फ्रांसेज’ या उपाहारगृहात जमत. त्यावरून खेळाला ‘रोटिसरी’ हेच नाव पडले.

ओक्रेंटच्या नियमांप्रमाणे प्रत्येक मालकाजवळ २६० डॉलर असत व त्यांतून २३ खेळाडू लिलावाने घ्यावे लागत. एक खेळाडू एकाच मालकाचा. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम पुढचा आहे. काही खेळाडू जुन्याच किमतीला पुढील वर्षासाठी राखून ठेवता येत. त्यामुळे स्वस्तात घेतलेला एखादा होतकरू तरुण हे केवळ या वर्षाचे गुण मिळवण्याचे साधन राहिले नाही. ती पुढल्या वर्षाची ठेव झाली. मालकाची दृष्टी एका हंगामाच्या कुंपणापलीकडे गेली.

आणि लगेच वाद उत्पन्न झाला. हंगामाच्या मध्यावर ज्याची जिंकण्याची आशा संपली, तो मालक आपले आजचे नामांकित व महागडे खेळाडू आघाडीवरच्या मालकास देई आणि त्याच्याकडून उद्याचे स्वस्त तरुण घेई. व्यवहार दोघांच्याही हिताचा. पण उरलेल्या मालकांच्या दृष्टीने तो उघड अन्याय, कारण त्यांच्या स्पर्धेचा निकाल अशा माणसाच्या हातात गेला की ज्याला त्या निकालाचे सोयरसुतक उरलेले नव्हते. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील ऋणको आपली मालमत्ता एकाच धनकोच्या नावे करून देतो, तेव्हा कायदा इतर धनकोंचे रक्षण का करतो, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या तक्रारीचे मर्म समजेल. आजचा सौदा आणि उद्याचा सौदा यांचा बाजार एकदा मोकळा केला म्हणजे त्यावर पहारेकरी नेमावा लागतो, हा धडा त्या मित्रमंडळीस काही वर्षांतच मिळाला. जाता जाता एवढे नमूद करावेसे वाटते की, हे नियम करणारा ओक्रेंट स्वतः आपल्या मंडळात कधीच जिंकला नाही. कायदा रचणारा आणि त्याचा लाभ उठवणारा एकच असतो, असे थोडेच आहे?

(२)

फुटबॉलच्या खेळात ही कल्पना इटलीने रुजवली. मिलानच्या रिकार्डो अल्बिनी या पत्रकाराने अमेरिकेतील बेसबॉलचा खेळ पाहून ‘फांताकाल्चो’ रचला व १९९० साली त्याचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. इटलीतील क्रीडापत्रे प्रत्येक सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूला शाळेतल्याप्रमाणे दहापैकी गुण देतात. सहा म्हणजे उत्तीर्ण. अल्बिनीने हेच गुण आधाराला घेतले, केलेल्या गोलासाठी तीन जादा धरले, आणि अकरा जणांची बेरीज ६६ झाली की कल्पित संघाने एक गोल केला असे मानले. अकरा जणांनी प्रत्येकी सहा मिळवले, म्हणजे सगळे फक्त उत्तीर्ण झाले, तरी बेरीज बरोबर ६६ होते.

या खेळात दूरची दृष्टी आणि जवळची दृष्टी यांच्या जागा वेगवेगळ्या आखून दिल्या आहेत. आठ-दहा मित्र हंगामाच्या तोंडावर एका मेजाभोवती जमतात आणि लिलावात प्रत्येकी पंचवीसएक खेळाडू घेतात. ती रात्र दूरदृष्टीची. त्यानंतर दर आठवड्यास पंचवीसांतून अकरा कोण उतरवायचे एवढाच निर्णय उरतो. ती जवळची दृष्टी. मध्यंतरी, हिवाळ्यात, एक छोटा लिलाव होतो. त्यास तेथे ‘दुरुस्तीचा लिलाव’ म्हणतात. आम्हां वकिलांस ही रचना ओळखीची वाटते. पहिला लिलाव म्हणजे जणू संविधान. आठवड्याचा संघ म्हणजे त्याच्या चौकटीतील साधा कायदा. आणि हिवाळ्यातील लिलाव म्हणजे घटनादुरुस्ती. एका आठवड्याच्या क्षोभात कोणी संविधान बदलू शकत नाही. लिलावाच्या रात्री ज्याने अविचार केला, त्याला महिनोन्‌महिने तो अविचार रोज सकाळी वर्तमानपत्रात वाचावा लागतो.

(३)

इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेनस्टाइन याने १९९१ साली ‘फँटसी लीग’ नावाने हा खेळ सुरू केला, तो प्रथम मित्रमंडळांच्या लिलावाचाच होता. पण १९९४ च्या जानेवारीत ‘डेली टेलिग्राफ’ने तो आपल्या वाचकांसाठी घेतला आणि त्याचे रूप पालटले. हजारो वाचकांना एका मेजाभोवती बसवून लिलाव करणे अशक्य. म्हणून प्रत्येक खेळाडूची किंमत ठरवून दिली गेली, आणि एकच खेळाडू हवा तितक्या मालकांनी घेतला तरी चालेल असे ठरले. या एका बदलाने खेळातील दुर्मीळ वस्तू बदलली. लिलावाच्या खेळात खेळाडू दुर्मीळ होता. वर्तमानपत्री खेळात पैसा दुर्मीळ झाला, आणि पुढे संघ वारंवार बदलण्याची सोय आल्यावर ती बदलीच सर्वांत दुर्मीळ वस्तू होऊन बसली.

ही सोय पूर्णांशाने आली ती संगणकाच्या जाळ्यावर. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २००२-०३ च्या हंगामापासून आपला स्वतःचा विनामूल्य खेळ चालू केला. आज जगभर सर्वाधिक परिचित असलेला कल्पनासंघांचा फुटबॉल तो हाच, आणि आजच्या व उद्याच्या हिताचा तोल कायद्याच्या कलमांनी कसा साधता येतो याचा उत्तम नमुनाही हाच. म्हणून त्याच्या नियमांपाशी आम्ही थोडे थांबणार आहोत.

मालकास दहा कोटी पौंडांची कल्पित थैली मिळते. त्यांत दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मधल्या फळीचे आणि तीन आघाडीचे असे पंधरा खेळाडू घ्यायचे. एका क्लबाचे तिघांहून अधिक नकोत. हंगाम ३८ फेऱ्यांचा. दर फेरीस एक बदली मोफत. त्याहून अधिक केल्यास प्रत्येक बदलीस चार गुणांचा दंड.

हा चार गुणांचा दंड आम्हांस विशेष विचारपूर्वक ठरवलेला वाटतो. हिशेब पाहा. आघाडीच्या खेळाडूने साठ मिनिटे वा अधिक खेळ केला तर दोन गुण मिळतात आणि एका गोलास चार. समजा, आपल्याकडील आघाडीचा खेळाडू गोल करणार नाही असे वाटून आपण दंड भरून दुसरा आणला, आणि आपला अंदाज शंभर टक्के खरा ठरला. नव्याने एक गोल करून सहा गुण मिळवले, जुन्याने नुसते मैदानात राहून दोन. फरक चारचा, दंडही चारचा. उत्कृष्ट खेळाबद्दल देण्यात येणारे एक ते तीन जादा गुण सोडले, तर अचूक भविष्य वर्तवूनही हाती शून्य! याउलट, नवा खेळाडू जुन्यापेक्षा फेरीस अवघा एक गुण अधिक मिळवणारा असला आणि आपण तो सहा फेऱ्या ठेवला, तर दंड वजा जाऊन दोन गुण पदरी पडतात. म्हणजे एका फेरीच्या मोहासाठी दंड भरणारा बहुधा बुडतो, आणि सहा फेऱ्यांचा विचार करून भरणारा तरतो. नियमकर्त्याने उतावळेपणास बंदी केली नाही. त्याची किंमत ठरवून दिली. चांगल्या कायद्याचे लक्षण आम्ही हेच समजतो.

दुसरा नियम किमतीचा. ज्या खेळाडूस पुष्कळ मालक घेऊ लागतात त्याची किंमत लाख-लाख पौंडांनी चढते. पण विकताना चढीचा अर्धाच भाग मालकास मिळतो. पन्नास लाखांस घेतलेला खेळाडू चोपन्न लाखांचा झाला, तरी विकल्यास बावन्नच हाती येतात. परिणाम असा की, एकदा विकलेला उत्तम खेळाडू परत घ्यायचा तर पदरचे भरावे लागते. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणाऱ्यास आमच्या म्हणीने फक्त बोल लावला. या नियमाने त्याच्याकडून वसुलीही केली. परंतु याच नियमाच्या पोटात एक मोहही दडलेला आहे. किंमत चढण्यापूर्वी घ्यावे म्हणून मालक आठवड्याच्या आरंभीच बदली करून टाकतो, आणि मग गुरुवारी वार्ता येते की, घेतलेला खेळाडू सरावात जायबंदी झाला. एका लाखासाठी घाई केली व सबंध बदली वाया गेली. बदलीची मुदत फेरीतील पहिल्या सामन्याच्या दीड तास आधीपर्यंत असते. मुदतीच्या कायद्यात शेवटच्या दिवसापर्यंत थांबणारा पक्षकार बेफिकीर समजला जातो. येथे मात्र माहिती पूर्ण होईपर्यंत थांबणारा शहाणा ठरतो.

तिसरा भाग हुकमाच्या पानांचा. सबंध संघ बिनदंड बदलण्याची मुभा देणारे ‘वाइल्डकार्ड’ हे त्यांतील प्रमुख. २०१५-१६ च्या हंगामापासून त्यात भर पडली: एका फेरीपुरते कर्णधाराचे गुण दुपटीऐवजी तिप्पट करणारे एक पान, बाकावरील चौघांचेही गुण मोजणारे दुसरे, आणि पुढे एका फेरीपुरता हवा तो संघ घेऊ देणारे तिसरे. ही पाने केव्हा टाकायची यात मालकाची परीक्षा असते. चषकाच्या सामन्यांमुळे वा हवामानामुळे पुढे ढकललेले सामने वसंतात भरून काढले जातात, तेव्हा काही क्लब एकाच फेरीत दोनदा खेळतात. ज्याने त्या फेरीपर्यंत पान राखून ठेवले, त्याला बाकावरील चौघांकडून आठ सामन्यांचे गुण मिळू शकतात. सप्टेंबरात एक फेरी वाईट गेली म्हणून चिडून पान टाकणाऱ्याच्या वाट्यास चारच सामने येतात.

नियमकर्त्यांनी हा तोल वेळोवेळी सरकवलेला आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. न वापरलेली मोफत बदली पुढे साठवता येते; परंतु २०२३-२४ पर्यंत हाती दोनच बदल्या असू शकत. २०२४-२५ पासून पाचपर्यंत साठवण्याची परवानगी मिळाली, म्हणजे काटकसर करणाऱ्याचे पारडे जड झाले. उलटपक्षी, २०२५-२६ च्या हंगामात हुकमाच्या पानांचे दोन संच दिले गेले व पहिला संच अर्ध्या हंगामात न वापरल्यास बाद होईल असे ठरले. ज्यांचा स्वभावच सर्व काही अखेरीसाठी राखून ठेवण्याचा, त्यांना या कलमाने खर्च करावयास भाग पाडले. काटकसर चांगली, पण कृपणता नव्हे, असेच जणू नियमकर्त्यांना सांगावयाचे होते.

(४)

नियम असे आहेत. माणसे त्यांत कशी वागली, याचीही काही उदाहरणे पाहू.

२०१५-१६ च्या आरंभी लेस्टर हा क्लब आदल्या वर्षी खालच्या वर्गात ढकलला जाता जाता वाचलेला होता. त्याचा रियाद महरेज हा खेळाडू अवघ्या पंचावन्न लाखांस मिळत होता. हंगामाअखेर लेस्टर विजेता ठरला आणि महरेजच्या नावावर २४० गुण जमले. आरंभीच्या दोन-तीन फेऱ्या पाहून ज्यांनी त्याला घेतले व मग आठ महिने हात लावला नाही, त्यांनी काहीही न करता उत्तम केले. इतरांनी मात्र ‘हा एका महिन्याचा चमत्कार आहे’ असे म्हणत वाट पाहिली आणि किंमत चढल्यावर, गुण होऊन गेल्यावर, तो घेतला. वरातीमागून घोडे आणण्याचा याहून नेमका दाखला दुसरा सापडणार नाही. तथापि याच उदाहरणाची दुसरी बाजू अशी की, दर हंगामात ऑगस्ट महिन्यात असे दहा महरेज दिसतात व ऑक्टोबरपर्यंत त्यांतील नऊ विझून जातात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. परंतु भात शिजत आला असेल तरच. किती शिते पाहिली म्हणजे पुरे, हाच तर अल्प आणि दीर्घ विचाराच्या सीमेवरचा प्रश्न आहे.

लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहचे उदाहरण याहून निराळे. २०१७-१८ मध्ये त्याची आरंभीची किंमत नव्वद लाख होती आणि त्याने ३२ गोलांसह ३०३ गुण मिळवले. पुढे तो खेळातील सर्वांत महाग खेळाडूंपैकी झाला, आणि २०२४-२५ मध्ये त्याने स्वतःचाच विक्रम मोडून ३४४ गुण केले. अशा खेळाडूस दोन फेऱ्या गोल झाला नाही की विकायचा, आणि गोल झाला की परत घ्यायचा, असे करणाऱ्यांची संख्या कधीच कमी नसते. त्यांचा प्रत्येक निर्णय त्या त्या दिवशी समंजस दिसतो, पण वर्षाची बेरीज मांडली म्हणजे विकण्या-घेण्यात झालेला तोटा उघडा पडतो.

२०१९ च्या डिसेंबरात या खेळात भाग घेणाऱ्या सुमारे सत्तर लक्ष मालकांमध्ये काही काळ पहिल्या क्रमांकावर होता तो नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन, म्हणजे बुद्धिबळाचा तत्कालीन जगज्जेता! हा योगायोग होता काय, असे पुष्कळांनी विचारले. हंगामाअखेर तो पहिला राहिला नाही; परंतु अग्रभागी टिकला. त्याच सुमारास आयर्लंडमधील लिमरिक विद्यापीठाच्या तिघा गणितज्ञांनी लाखो मालकांच्या नोंदी अभ्यासल्या आणि २०२१ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. एका हंगामात वर असलेले मालक दुसऱ्या हंगामातही वर येण्याकडे कल दिसतो, म्हणजे यात कौशल्य खरोखर आहे, असे त्यांना आढळले. वरच्या श्रेणीतील मालक हुकमाची पाने दोन सामन्यांच्या फेरीसाठी राखून ठेवतात, हेही त्यांच्या आकड्यांत दिसले.

महाभारतातील नलाची कथा वाचकांस आठवत असेल. पुष्कराशी द्यूत खेळताना तो राज्य हरला. पुढे ऋतुपर्णाकडून त्याने अक्षविद्या घेतली. ऋतुपर्णाने आपल्या विद्येचा पुरावा दिला तो कसा? धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने व फळे मोजून सांगून, आणि नलाने उतरून ती प्रत्यक्ष मोजून पाहिली. कौशल्याचा दावा मोजून सिद्ध करायचा असतो, ही समज आपल्याकडे जुनीच आहे. लिमरिकच्या गणितज्ञांनी वेगळे काही केले नाही. फक्त त्यांना मोजण्यासाठी अनेक हंगाम लागले, आणि ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

(५)

येथवर या खेळाचा काळ वर्षावरून हंगामावर आणि हंगामावरून फेरीवर आला. पण फेऱ्यांची माळ मात्र अखंड राहिली होती. ती तुटली २००७ नंतर. अमेरिकेत एकाच दिवसापुरता संघ निवडून पैसे लावण्याचे खेळ निघाले. २००९ साली फॅनड्युएल व २०१२ साली ड्राफ्टकिंग्ज या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांना वाट मोकळी करून दिली होती ती अमेरिकेच्या २००६ च्या एका कायद्याने. जाळ्यावरील जुगाराचे पैसे रोखण्यासाठी केलेल्या त्या कायद्यात कल्पनासंघांच्या खेळास सवलत होती; अटी अशा की, बक्षीस आधी जाहीर असावे, निकाल कौशल्यावर व अनेक प्रत्यक्ष सामन्यांतील आकड्यांच्या बेरजेवर ठरावा, एकट्या संघाच्या वा एकट्या खेळाडूच्या एका कामगिरीवर नव्हे. सवलत देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ओक्रेंटचा हंगामभराचा खेळ होता. परंतु खेळ किती काळ चालावा याविषयी त्यांनी एक अक्षर लिहिले नाही. एका रात्रीत अनेक सामने होतातच. मग एका रात्रीचा खेळही अटीत बसला! मसुद्यातील मौनाचे मोल किती मोठे असते, हे वकिलांस सांगावयास नको.

भारतात याची पुनरावृत्ती मुंबईतच झाली. २००८ साली स्थापन झालेल्या ड्रीम इलेव्हन या कंपनीने प्रथम सबंध हंगामाचा विनामूल्य खेळ मांडला होता. २०१२ पासून ती एकेका सामन्याच्या व पैसे लावण्याच्या खेळाकडे वळली, आणि तेव्हापासूनच तिची भरभराट झाली. क्रिकेटमध्ये तिचा पसारा सर्वांत मोठा, पण फुटबॉलही त्यात होता. संध्याकाळी संघ निवडायचा, रात्री निकाल. दुसऱ्या दिवशी कालच्या संघाचे काहीच शिल्लक नाही: साठवलेली बदली नाही, राखलेले पान नाही, केलेल्या चुकीचे ओझेही नाही. उद्याच्या विचारास येथे जागाच उरली नव्हती.

हा जुगार की कौशल्याचा खेळ, असा प्रश्न न्यायालयांपुढे आला तेव्हा त्याचे उत्तर जुन्या कसोटीने दिले गेले. ती कसोटी मुंबई राज्याच्याच एका खटल्यातून आलेली आहे. चमारबागवाला प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी दिलेले दोन निर्णय प्रसिद्ध आहेत. जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही. पण ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, असे त्यांचे सार. त्या स्पर्धा वर्तमानपत्री शब्दकोड्यांच्या होत्या. साठ वर्षांनी, २०१७ मध्ये, पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच कसोटीवर एका सामन्याच्या कल्पनासंघास कौशल्याचा खेळ ठरवले. अमेरिकेत २००७ साली न्यू जर्सीतील संघीय न्यायालयाने हंगामभराच्या खेळाविषयी निर्णय देताना, संघाची निवड, हंगामातील अदलाबदल आणि दर आठवड्यास कोणास उतरवायचे याचा निर्णय, यांत मालकाचे कौशल्य पाहिले होते. यांतील अदलाबदल आणि आठवड्याचा निर्णय या दोन गोष्टी एका रात्रीच्या खेळात नसतातच. पण कसोटीने ‘कौशल्य आहे काय’ एवढेच विचारले. ‘ते प्रकट व्हावयास किती काळ लागतो’ हे विचारले नाही.

आमच्या या म्हणण्यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो व तो मांडणे न्यायाचे होईल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दैनिक खेळांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये दाखवले की, तेथेही कौशल्य दिसते. हंगामाच्या पूर्वार्धात जिंकणारे उत्तरार्धातही जिंकताना आढळतात. हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. कौशल्य दिसले ते शेकडो डावांच्या बेरजेत. म्हणजे दीर्घकाळ येथेही आहे, पण तो अशा भिडूच्या मालकीचा आहे की ज्याच्यापाशी शेकडो डाव लावण्याचे भांडवल आहे. एका संध्याकाळी पन्नास रुपये लावणाऱ्याला तो दीर्घकाळ दिसतच नाही. त्याच्यापुरते दैवच काम करते. हंगामाच्या विनामूल्य खेळात दीर्घकाळ सर्वांना सारखा वाटून दिलेला असतो: प्रत्येकास ३८ फेऱ्या, ना एक कमी ना एक अधिक. दैनिक खेळात तो विकत घ्यावा लागतो. हा भेद आम्हांस कौशल्य आणि दैव यांतील भेदाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संसदेने जाळ्यावरील पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला व तो करताना कौशल्य आणि दैव हा सत्तर वर्षांचा भेदच बाजूस ठेवला. पैसे लावून खेळायचा असेल तर तो कौशल्याचा असला तरी निषिद्ध. ड्रीम इलेव्हननेही पैशाचे डाव त्याच महिन्यात थांबवले. या कायद्याच्या घटनात्मकतेची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, मूळ कसोटीने काळाचा विचार केला असता, तर ओक्रेंटच्या मित्रमंडळाचा हंगामभराचा लिलाव आणि एका संध्याकाळची बोली ही एका तागडीत कधीच पडली नसती, आणि पुढे दोहोंवर सरसकट कुऱ्हाड उगारण्याची वेळही कदाचित आली नसती.

(६)

मग आज आणि उद्या यांचा तोल मालकाने साधावा तरी कसा? या इतिहासातून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. संघाचा कणा, म्हणजे जे सात-आठ खेळाडू दर फेरीस खात्रीने मैदानात उतरणार, तो दूरच्या हिशेबाने निवडावा व लहानसहान निराशेने हलवू नये. उरलेल्या जागा आजच्या सामन्यांकडे पाहून फिरत्या ठेवाव्यात, कारण सर्वच दूरचे पाहणाऱ्याचे आजचे गुण बुडतात आणि अखेरचा तक्ता आजच्याच गुणांच्या बेरजेने बनतो. आणि बदली करण्यापूर्वी स्वतःस विचारावे की, हा खेळाडू मला सहा फेऱ्यांनंतरही हवा असेल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर आजचा लाभ दंडाहून बराच मोठा असल्याखेरीज हात आखडता घ्यावा. पहिली फेरी बुडाली म्हणून हंगाम बुडत नाही, आणि पहिली फेरी जिंकली म्हणून तो जिंकलाही जात नाही. अंतरिम मनाई हुकूम मिळाल्याचे पेढे वाटणाऱ्या पक्षकारास आम्ही हेच सांगत आलो आहोत.

परंतु मालकाच्या शहाणपणापेक्षा नियमकर्त्याची जबाबदारी आम्ही मोठी समजतो. तीच माणसे, तेच खेळाडू आणि तोच चेंडू असताना, अल्बिनीच्या नियमांनी मनुष्यास महिनोन्‌महिने धीर धरावयास लावले, प्रीमियर लीगच्या चार गुणांच्या दंडाने त्याच्या उतावळेपणास आळा घातला, आणि एका रात्रीच्या खेळाने त्याच मनुष्याचा उतावळेपणा हेच भांडवल केले. मनुष्यस्वभाव तिन्ही ठिकाणी एकच होता, बदलली ती फक्त कलमे. म्हणून पैसे न लावता, आठ-दहा मित्रांनी एकत्र बसून, हंगामाच्या आरंभी लिलाव करून खेळावयाचा तो मूळचा खेळ आपल्या तरुणांनी पुन्हा हाती घ्यावा, असे आम्हांस मनापासून वाटते. मडगावात तो फुटबॉलचा असेल, इंदुरात क्रिकेटचा. त्याला कंपनी लागत नाही, भांडवल लागत नाही. एक वही, आठ मित्र आणि आठ-नऊ महिने वाट पाहण्याची तयारी एवढे असले म्हणजे पुरते.